एका वर्षाचा देश : भारत १९५६

एखाद्या देशात एका वर्षात घडलेल्या ठळक घटना आणि त्या वर्षी जन्मलेल्या वा निवर्तलेल्या नामवंत व्यक्ती यांची तारीखवार मांडलेली नोंद म्हणजे वर्षवृत्त. इतिहासलेखनाच्या प्रकारांत हा सर्वांत साधा समजला जातो, कारण त्यात कारणमीमांसा नसते, घटनांची सांगड घातलेली नसते आणि जानेवारीपासून डिसेंबरपर्यंतचा क्रम एवढेच त्याचे सूत्र असते. परंतु हा साधेपणा वरवरचा आहे. कोणती घटना ठळक आणि कोणती किरकोळ, हे ठरविल्याशिवाय वर्षवृत्ताची एक ओळही लिहिता येत नाही, आणि हा निवाडा बहुधा राजधानीत किंवा महानगरात बसून केलेला असतो. मंत्रिमंडळातील राजीनामा नोंदीत येतो. त्याच वर्षी एखाद्या दूरच्या गावाचे राज्य बदलले, तर ते गाव नोंदीत येत नाही. म्हणून वर्षवृत्त वाचताना प्रत्येक नोंदीला एक प्रश्न विचारणे आवश्यक ठरते : ही घटना देशात किती खोलवर पोचली, आणि ज्यांच्यापर्यंत पोचली त्यांच्या आयुष्यात तिने काय बदलले?

१९५६ हे वर्ष आणि भंडारा जिल्ह्यातील नाकाडोंगरी हे गाव यांना या प्रस्तावनेत एकत्र आणले आहे, ते या प्रश्नासाठीच. नाकाडोंगरी तुमसर तालुक्याच्या उत्तर भागात, आज मध्य प्रदेशाची सीमा जेथून जवळ आहे अशा वनक्षेत्रात वसलेले आहे. वनविभागाच्या एका परिक्षेत्रालाही याच गावाचे नाव आहे. धानाची शेती, माजी मालगुजारी तलाव, म्हणजे जमीन महसुलाची जबाबदारी असलेल्या मालगुजारांच्या ताब्यातील आणि मालगुजारी संपल्यावर शासनाकडे आलेले जुने तलाव, सागवान आणि तेंदूपत्त्याचे जंगल, आणि डोंगरी बुजुर्ग व चिखला येथील मँगनीजच्या खाणी यांवर या परिसराचे जीवन उभे आहे. झाडीबोली आणि पोवारी या येथील बोली, तर गोंड समाज हा येथील जुना रहिवासी. अशा ठिकाणाहून पाहिले असता १९५६ मधील कोणत्या नोंदी खरोखर मोठ्या होत्या हे अधिक स्पष्ट दिसते, कारण दिल्लीतील निर्णय इतक्या अंतरापर्यंत पोचेपर्यंत त्यांतील शोभेचा भाग गळून पडलेला असतो आणि परिणाम तेवढा उरलेला असतो.

या वर्षाची सर्वांत दूरगामी घटना म्हणजे राज्यांची पुनर्रचना. संविधानाने आरंभी घटक राज्यांचे अ, ब, क आणि ड असे चार प्रकार केले होते. ‘अ’ प्रकारात ब्रिटिशकालीन प्रांत, ‘ब’ प्रकारात मुख्यतः मोठी संस्थाने व त्यांचे संघ, ‘क’ प्रकारात केंद्राच्या देखरेखीखालील लहान राज्ये, आणि ‘ड’ प्रकारात अंदमान-निकोबार बेटे. फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील आणि हृदयनाथ कुंझरू व का. मा. पणिक्कर हे सदस्य असलेल्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या सप्टेंबरअखेरीस आपला अहवाल दिला. त्यानंतर झालेला राज्य पुनर्रचना कायदा आणि सातवी घटनादुरुस्ती यांनी हे चारही प्रकार मोडीत काढले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी १४ राज्ये व ६ केंद्रशासित प्रदेश अशी नवी रचना अमलात आली. आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य करावे अशी शिफारस केली होती. ती स्वीकारली गेली नाही. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, बुलढाणा, अकोला, अमरावती आणि यवतमाळ हे आठ मराठी जिल्हे जुन्या मध्य प्रदेशातून काढून द्विभाषिक मुंबई राज्याला जोडण्यात आले, हैदराबाद राज्यातील मराठवाडाही त्याच राज्यात आला, आणि यशवंतराव चव्हाण या विस्तृत राज्याचे मुख्यमंत्री झाले.

वर्षवृत्तात ही नोंद दोन-तीन ओळींत मावते. नाकाडोंगरीच्या दृष्टीने तिचा अर्थ मात्र असा, की ३१ ऑक्टोबरपर्यंत भंडारा आणि बालाघाट हे एकाच राज्याचे शेजारी जिल्हे होते आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यामधून दोन राज्यांची सीमा गेली. तोवर राज्याची राजधानी नागपूर होती. ती आता मुंबई झाली, आणि शेजारच्या कटंगी-तिरोडीच्या लोकांसाठी ती भोपाळ झाली. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारा लोहमार्ग एका राज्यात सुरू होऊन दुसऱ्या राज्यात संपू लागला. बावनथडी नदीही आंतरराज्यीय झाली, आणि पुढे तिच्यावरील धरण दोन राज्यांचा संयुक्त प्रकल्प म्हणूनच उभे राहिले. बोली, सोयरिकी, बाजार आणि जंगलातील पायवाटा यांना ही सीमा ठाऊक नव्हती. जमिनीचे कागद, शाळेची क्रमिक पुस्तके, न्यायालये आणि वनखात्याचे परवाने यांना ती त्या दिवसापासून ठाऊक झाली. सीमेपलीकडे राहिलेल्या सौंसर, मुलताई यांसारख्या भागांतील मराठी भाषकांना आणि दक्षिणेत म्हैसूर राज्यात गेलेल्या बेळगाव, कारवार, बिदर या भागांतील मराठी भाषकांना या एकाच तारखेचा अनुभव आणखी वेगळ्या रीतीने घ्यावा लागला.

या पुनर्रचनेची दुसरी बाजू पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत दिसली. १६ जानेवारीला मुंबई शहर केंद्रशासित राहील अशी घोषणा झाली, तिच्या निषेधार्थ उसळलेल्या आंदोलनावर गोळीबार झाले, आणि ६ फेब्रुवारीला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. या लढ्यात शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला. ज्यांनी याच वर्षाच्या आरंभी आयुर्विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण घडवून आणले आणि ज्यांच्या सनदी सेवेचा आरंभ जुन्या मध्य प्रांतात झाला होता, त्यांनी आपल्या भाषिक समाजाशी निष्ठा राखून पद सोडले, ही गोष्ट त्या काळातील सार्वजनिक नीतीची साक्ष आहे. मात्र विदर्भात या आंदोलनाचा जोर तितका नव्हता, कारण येथे वेगळ्या विदर्भाची आकांक्षाही तितकीच जुनी होती. एकाच वर्षाची एकच घटना एकाच भाषेच्या दोन प्रदेशांत दोन अर्थांनी जगली गेली, हे वर्षवृत्ताच्या वाचकाने विसरू नये.

दुसरी मोठी नोंद अर्थकारणाची आहे. १ एप्रिलला दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली आणि ३० एप्रिलला औद्योगिक धोरणाचा ठराव संसदेपुढे आला. या ठरावाने उद्योगांचे तीन वर्ग केले, आणि पहिल्या म्हणजे ‘अ’ अनुसूचीत असे १७ उद्योग घातले की ज्यांच्या पुढील विकासाची जबाबदारी केवळ राज्यसंस्थेची राहील. शस्त्रास्त्रे, अणुशक्ती, पोलाद, रेल्वे ही नावे त्या यादीत सर्वांना आठवतात. त्याच यादीत लोहखनिजाबरोबर मँगनीज खनिजाचेही खाणकाम होते, हे सहसा आठवत नाही. मँगनीज हे पोलादाला घट्टपणा देणारे आणि त्यातील गंधक व प्राणवायू काढून टाकणारे मूलद्रव्य आहे; त्याच्या खनिजाशिवाय पोलादाची भट्टी चालत नाही. भिलाई, राउरकेला आणि दुर्गापूर येथे सरकारी पोलाद कारखाने उभारण्याचा संकल्प ज्या योजनेने केला, तिला या खनिजावर हक्क हवा होता, आणि ते नागपूर, भंडारा व बालाघाट या तीन जिल्ह्यांच्या सलग पट्ट्यात विपुल होते. भूशास्त्रज्ञ या पट्ट्यातील खडकांना सौंसर मालिका म्हणतात, आणि मँगनीजयुक्त गार्नेट व क्वार्ट्झ यांचा मिळून बनलेला येथील एक खडक, ब्रिटिश भूशास्त्रज्ञ लुइस फर्मर यांनी गोंड जमातीवरून दिलेल्या ‘गोंडाइट’ या नावाने जगभर ओळखला जातो.

या खाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून प्रामुख्याने एका ब्रिटिश कंपनीच्या हाती होत्या आणि त्यांतील खनिजाचा मोठा भाग समुद्रापलीकडे जात असे; विशाखापट्टणमचे बंदर उभारण्यामागेही मध्य प्रांताच्या या निर्यातीचा विचार होता. १९५६ च्या उत्तरार्धात इजिप्तने सुवेझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले आणि पुढे झालेल्या युद्धात कालवा बंद पडला, तेव्हा भारतातून युरोपकडे जाणाऱ्या जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला. कच्चे खनिज दूरच्या बाजारात विकून चालणाऱ्या प्रदेशाचे भवितव्य किती परावलंबी असते, याचा तो धडा होता. एप्रिलच्या ठरावाने दाखविलेल्या दिशेने पुढे १९६२ मध्ये मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. तिच्यात जुन्या ब्रिटिश कंपनीकडे ४९ टक्के भाग राहिले आणि उरलेले ५१ टक्के भारत सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी समसमान वाटून घेतले. १९७७ मध्ये ती पूर्णतः सरकारी झाली. दोन राज्ये या कंपनीत भागीदार झाली, कारण १ नोव्हेंबर १९५६ च्या सीमेने एकाच खनिजपट्ट्याचे दोन भाग केले होते. एप्रिल आणि नोव्हेंबर या वर्षवृत्तातील दोन लांबच्या नोंदी डोंगरी बुजुर्गच्या खाणीत अशा एकत्र येतात.

तिसरी नोंद कायद्यांची आहे. १७ जूनला हिंदू वारसा कायदा अमलात आला आणि मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या पित्याच्या मालमत्तेत मुलीला मुलाबरोबर वारस ठरविले गेले. विधवेला तोवर मिळणारा मर्यादित हक्क पूर्ण मालकीचा झाला. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः सहदायकाचा, म्हणजे जन्मापासूनच्या भागीदाराचा, हक्क मिळण्यास मात्र २००५ ची दुरुस्ती यावी लागली. याच वर्षात अज्ञान व पालकत्व आणि दत्तक व निर्वाह हे हिंदू कायद्याचे आणखी दोन भाग संमत झाले. नाकाडोंगरीच्या परिसरासाठी या नोंदीत एक महत्त्वाची मर्यादा आहे : केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याखेरीज हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. म्हणजे १९५६ मध्ये एकाच गावात जन्मलेल्या दोन मुलींपैकी पोवार वा कुणबी घरातील मुलीला या कायद्याने वारस मानले आणि गोंड घरातील मुलीचा हक्क रूढीवर सोडला.

चौथी नोंद या वर्षाचा आत्मा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा भंडारा जिल्ह्याशी एक कडवट संबंध १९५४ मध्येच आला होता, कारण भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत त्यांना पराभव पत्करावा लागला होता. संविधानाच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांना ज्या जिल्ह्याने लोकसभेत पाठविले नाही, त्याच जिल्ह्यातून अडीच वर्षांनी असंख्य माणसे नागपूरला गेली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, आंबेडकरांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि नंतर लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा व २२ प्रतिज्ञा दिल्या. पाठोपाठ चांद्याला दुसरा दीक्षा समारंभ झाला. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षे झाली असे मानून देशभर उत्सव साजरा होत असलेले हेच वर्ष होते, परंतु सरकारी उत्सवाने जे साधले नाही ते नागपूरच्या त्या दिवसाने साधले. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या सुमारे अडीच हजार होती. १९६१ मध्ये ती २७ लाख ८९ हजारांवर गेली.

या नोंदीलाही एक कायदेशीर पडछाया आहे. अनुसूचित जातींचा दर्जा तेव्हा धर्माशी जोडलेला होता. १९५६ च्याच एका दुरुस्तीने तो शीख धर्मीय दलितांपर्यंत विस्तारला, पण बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या पातळीवर तो १९९० मध्ये मिळाला. म्हणजे दीक्षा घेणाऱ्या माणसाने सवलतींचा विचार बाजूला ठेवून माणूसपणाची निवड केली, आणि तिची किंमत त्याच्या मुलांनी चौतीस वर्षे मोजली. दीक्षेनंतर आठ आठवड्यांच्या आत, ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्याच दिवशी मेलबर्न येथील ऑलिंपिकमध्ये भारताने पाकिस्तानला हरवून हॉकीचे सुवर्णपदक जिंकले. तारीखवार वर्षवृत्तात या दोन नोंदी एकाखाली एक छापल्या जातात. त्यांचे वजन किती विषम आहे, हे क्रमाने कळत नाही, ते वाचकाने ठरवायचे असते.

मृत्यूंच्या नोंदीत हे वर्ष मराठी समाजाला विशेष जड गेले. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांचे २७ फेब्रुवारीला, तर मराठी नवकवितेचे प्रवर्तक बा. सी. मर्ढेकर यांचे २० मार्चला निधन झाले. त्याच वर्षीचा साहित्य अकादमी पुरस्कार मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथाला मिळाला. २० डिसेंबरला अमरावतीजवळ वलगाव परिसरात संत गाडगेबाबा निवर्तले. वर्षाच्या शेवटच्या दिवशी मध्य प्रदेशाचे मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांचाही मृत्यू झाला; ज्या राज्याचे नागपूरहून त्यांनी नेतृत्व केले, ते राज्य त्यांच्या डोळ्यांदेखत नव्या रूपात भोपाळला गेले होते. शास्त्रज्ञ मेघनाद साहा आणि समाजवादी विचारवंत आचार्य नरेंद्र देव यांनाही देश याच वर्षी मुकला.

जन्मांची नोंद वर्षवृत्तातील सर्वांत लोकप्रिय आणि तर्कदृष्ट्या सर्वांत नाजूक भाग असतो, कारण जन्माच्या दिवशी कोणीच नामवंत नसते. ती नोंद नेहमी भविष्यातून मागे जाऊन लिहिली जाते. ६ एप्रिल १९५६ रोजी कोकणातील राजापूर येथे दिलीप वेंगसरकर जन्मले, पण त्या दिवशी लॉर्ड्सच्या मैदानावरील त्यांची तीन शतके भविष्याच्या पोटात होती. ११ जुलैला कोलकात्यात जन्मलेल्या अमिताव घोष यांना २०१८ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळणार होता. अशा नोंदींचे मूल्य त्या वर्षाने जन्मणाऱ्याला कोणती भूमी दिली हे तपासल्यावरच कळते. याचे उत्तम उदाहरण विदर्भातच आहे. २४ एप्रिल १९५६ रोजी नागपूर येथे शरद अरविंद बोबडे यांचा जन्म झाला, तेव्हा नागपूर राज्याची राजधानी होती आणि तेथे उच्च न्यायालय होते. सहा महिन्यांनी पुनर्रचनेने ते न्यायालय मध्य प्रदेशाचे म्हणून जबलपूरला नेले आणि नागपूरला मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. त्या खंडपीठापुढे वकिली करून पुढे आलेले बोबडे २०१२ मध्ये जबलपूरच्या त्याच उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले आणि २०१९ मध्ये भारताचे सरन्यायाधीश. जन्मवर्ष आणि घटनावर्ष यांचा असा मेळ दिसला की जन्मांची यादी इतिहासाचा भाग बनते.

त्याच वर्षी नाकाडोंगरीत आणि भोवतालच्या गावांत जन्मलेल्या मुलांची नोंद वेगळ्या वहीत झाली. जुन्या मध्य प्रांताच्या व्यवस्थेत गावचा कोतवाल जन्म आणि मृत्यू नोंदवून पोलीस ठाण्याला कळवीत असे. या नोंदींना विदर्भात आजही ‘कोतवाल बुक’ म्हणतात. पित्याचे नाव, जात, अपत्य मुलगा की मुलगी आणि तारीख एवढेच त्यात बहुधा असे, बाळाचे नाव पुष्कळदा नसेच. देशभर एकसारखी नोंदणी आणणारा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ मध्ये आला. तरीही कोतवालाच्या त्या नोंदीला आज मोठे मोल आहे. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी मागासवर्गीय कुटुंबांना ठरावीक तारखेपूर्वीचा पुरावा लागतो. इतर मागासवर्गासाठी ती तारीख १३ ऑक्टोबर १९६७ आणि विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आहे. १९५६ मध्ये नोंदलेले आजोबांचे वा आजीचे निनावी बाळपण अशा रीतीने नातवंडांच्या शिक्षणाचा आधार ठरते. नामवंतांच्या जन्मांची यादी मागे वळून लिहिली जाते. कोतवाल बुक त्याच दिवशी, कोणाचे पुढे काय होईल हे न जाणता लिहिले गेले. इतिहासाचे साधन म्हणून दुसरी नोंद अधिक प्रामाणिक आहे, आणि वर्षवृत्ताच्या अभ्यासकाने तिला पहिल्या यादीइतकाच मान द्यावा.

उरलेल्या नोंदींपैकी काही ओझरत्या उल्लेखाने पुऱ्या होतात. जानेवारीत मद्रासला न्यूझीलंडविरुद्ध विनू मंकड आणि पंकज रॉय यांनी सलामीला ४१३ धावांची भागी केली. ४ ऑगस्टला तुर्भे येथील ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. सप्टेंबरमध्ये २४५ विमा संस्थांचा व्यवसाय एकत्र करून आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. नोव्हेंबरमधील अरियालूर येथील रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्री यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून मंत्रिपदाचा राजीनामा दिला. यांतील प्रत्येक नोंद आपापल्या क्षेत्रात मोलाची आहे. विम्याचा प्रतिनिधी पुढील दशकांत खाणकामगाराच्या आणि शिक्षकाच्या घरापर्यंत पोचला, म्हणून आयुर्विमा महामंडळाची नोंद खेड्याच्या इतिहासातही येते. विक्रमी भागीचे स्मरण मात्र आनंदापुरते राहते, आणि तेही राहावे.

वर्षवृत्त वाचण्याची ही रीत कोणत्याही गावाला आणि कोणत्याही वर्षाला लावता येण्यासारखी आहे. प्रथम राष्ट्रीय नोंद घ्यावी, मग त्या निर्णयाचा कागद गावात कोणत्या रूपाने आला हे तलाठ्याच्या दप्तरात, शाळेच्या दाखलखारिज पुस्तकात, वनखात्याच्या नकाशात आणि कोतवाल बुकात शोधावे, आणि शेवटी त्या वर्षी जन्मलेल्या ज्या व्यक्ती आज गावात आहेत त्यांच्याकडून तो निर्णय आयुष्यभर कसा अनुभवला गेला हे नोंदवून ठेवावे. १९५६ मध्ये जन्मलेली पिढी आता सत्तरीच्या घरात आहे. तिचे कथन नोंदविण्यास फार अवधी उरलेला नाही. तुमसर तालुक्यातील शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक व विद्यार्थी यांनी हे काम हाती घेतले, तर देशाच्या वर्षवृत्तात न मावलेला फार मोठा भाग लेखी स्वरूपात येईल, आणि राज्याची सीमा, खनिजाचा हक्क, मुलीचा वारसा आणि माणसाचा धर्म हे चारही प्रश्न ज्या वर्षाने एकदम हाताळले, त्याचा हिशेब नाकाडोंगरीसारख्या गावांच्या बाजूनेही पूर्ण होईल.